खंडेनवमीनंतरचे अठ्ठावीस खांदे

आमच्या दवाखान्यात माणूस बरा करता येणं ही बढतीसाठी पुरेशी पात्रता नाही. बढतीला पॉइंट लागतात. पॉइंट शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत मिळतात. कार्यशाळा हॉटेलात असते, हॉटेलात जेवण असतं, आणि जेवणानंतर जे जागे राहतात त्यांना प्रमाणपत्र मिळतं. जे झोपतात त्यांनाही मिळतं. आमच्या अनुश्रीकडं अशी चौदा प्रमाणपत्रं आहेत: रंगीत पट्ट्या चिकटवण्याचं, सुया टोचण्याचं, काचेच्या वाट्या लावून कातडी ओढण्याचं, आणि एक नुसतं ‘नेतृत्वगुण’ नावाचं. पोट्टी गुणी आहे. घर मराठी, पण मराठीत काही विचारलं की उत्तर हिंदीत.

भास्कर खानझोडे यांच्याकडं मात्र एकच कागद, पदवीचा. बाकी सतरा वर्षं त्यांनी शनिवारी पेशंट पाहिले आणि रविवारी झोप काढली. असल्या माणसाचं पुढं काय व्हायचं?

मी पद्मिनी बोरकुटे. रायपूरच्या तेलीबांध्यातल्या या दवाखान्यात फिजिओथेरपी विभागाच्या दारात माझी टेबल-खुर्ची आहे. कोण आलं, कोण गेलं, कोण लंगडत आलं आणि चालत गेलं, हे चौदा वर्षं मी पाहते आहे. भास्करभाऊंचं म्हणाल तर सेहेचाळीस वर्षांचा किरकोळ अंगाचा माणूस, बुढापाऱ्यातून स्कूटरवर येतो, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कोन मोजायची प्लास्टिकची दोन पायांची पट्टी असते. हात किती वर जातो, गुडघा किती वाकतो, हे तिच्यावर अंशात कळतं. पट्टी खिशात असली तरी मोजणं डोळ्यांनी चालूच असतं. मी वरच्या फळीवरची फाईल काढायला हात नेला की मागून आवाज येतो, “ताई, एकशे चाळीस. दिवाळीत एकशे पन्नास होता.” एकदा माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवानं हार घालायला हात वर केला. सगळे अक्षता टाकत होते आणि हा माणूस शेजारच्याला सांगत होता, “उजवा खांदा अडकून राहिला पोराचा.” मुलीच्या मामांना ते ऐकू गेलं. पुढचं जेवण आम्ही कोपऱ्यात बसून केलं.

जे मोजलं ते वहीत लिहायचं, ही दुसरी खोड. विभागातल्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की ‘रुग्णात समाधानकारक सुधारणा’ असं आपोआप छापून येतं. सगळे तेच बटण दाबतात. भास्करभाऊ वहीत लिहितात: ‘आज एकशे चार. परवा एकशे सात होता. तीननं उतरला. विचारणे.’

हे ‘विचारणे’ ते कधी करत, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. आमच्याकडं एक अल्ट्रासाउंडचं मशीन होतं. फिकट निळा डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला मूठ. दुखऱ्या जागेवर जेली लावून ती मूठ आठ मिनिटं गोल गोल फिरवायची. तिच्यातून आवाजाच्या लहरी आत जातात म्हणे. त्या कानाला ऐकू येत नाहीत, अंगाला जाणवत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. देवाचंही असंच असतं, म्हणून पेशंटची श्रद्धा मशीनवरच. व्यायाम सांगितला की चेहरा पडतो, आणि “मशीन तो लगाओगे ना भैया?” हे पहिलं वाक्य. आता ही मूठ सोडून उठता येत नाही. पेशंटही जेली माखलेला, तोही पळू शकत नाही. आठ मिनिटं दोघं समोरासमोर अडकलेले. मग बोलण्याशिवाय काय करणार?

नाना पोहनकर असेच अडकले होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, डावा खांदा आखडलेला, हात कमरेच्या वर जाईना. सगळ्यांशी भांडून मग दिवाळीनंतर आमच्याकडं आलेले. तीन आठवडे हात काही हलेना. चौथ्या आठवड्यात मूठ फिरवता फिरवता भास्करभाऊंनी विचारलं, “नाना, दारावर टॉवेल टाकून ओढायचा व्यायाम करून राहिले ना घरी?”

नाना म्हणाले, “नाही करत.”

“काहून?”

“टॉवेलाचं दुसरं टोक बायको धरत होती.” बाई श्रावणात गेल्या होत्या. आमच्या कॉम्प्युटरमध्ये यासाठी बटण नाही. भास्करभाऊंनी त्याच दिवशी एकट्यानं, काठीनं करायचा व्यायाम बसवून दिला आणि नानांचा हात सहा आठवड्यांत कानाला लागला. नाना मात्र सगळ्या कॉलनीत मशीनचं नाव सांगत फिरले.

तर आमचे जुने विभागप्रमुख नोकरी सोडून गेले आणि ती जागा रिकामी झाली. दवाखाना मोठ्या चंद्राकर डॉक्टरांचा, पण कारभार त्यांच्या मुलाकडं, विकी सरांकडं. विकी सर बाहेरून मॅनेजमेंट शिकून आले आहेत आणि पेशंटला ‘फुटफॉल’ म्हणतात. त्यांनी अट घातली की मार्चच्या आत जो परिषदेत शोधनिबंध वाचेल तो विभागप्रमुख. अनुश्रीचे पॉइंट तयार होते, फक्त निबंध नव्हता. भास्करभाऊंकडं पॉइंट नव्हते, पण वह्या होत्या.

त्यांना ती जागा का हवी होती हे त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. “ताई, खुर्चीचं मले काय करायचं? पण वेळापत्रक विभागप्रमुख बनवतो. आता एका पेशंटले वीस मिनिटं भेटतात. मले तीस पाहिजेत. वीस मिनिटांत हात हालवता येते, माणूस नाई समजत.” सतरा वर्षांत माणसानं एक गोष्ट मागितली, तीही दहा मिनिटं. मला राग आला त्यांचा. मागायचं तर काही नीट तरी मागावं.

निबंधाचा विषय त्यांनी साधा घेतला: आखडलेल्या खांद्यावर आमच्या मशीनचा उपयोग. जूनपासूनच्या वह्या काढल्या, सहासष्ट खांदे मांडले, सहा आठवड्यांत कोण किती अंश सुधारला ते काढलं. सुधारणा झकास होती. सारांश पाठवला, परिषदेनं तो स्वीकारला, विकी सरांनी खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, “भैया, अब तो आप ही हो.” आम्ही विभागात समोसे खाल्ले.

एवढ्यावर थांबेल तो भास्कर कसला! निबंधाला मशीन बरोबर चालत असल्याचा दाखला जोडावा, असं त्यांच्या डोक्यात आलं. दाखला कोणी मागितला नव्हता. परिषदेतल्या अर्ध्या लोकांच्या मशीनचा दाखला त्यांच्या तीर्थरूपांनीही पाहिला नसेल. पण यांनी पंडरीहून हरिदासला बोलावलं. हरिदास सगळ्या दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करतो. त्यानं मूठ उलटी धरली, तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि मशीन चालू केलं. हिरवा दिवा लागला, आकडे उलटे पळू लागले, सगळं आजवर होत होतं तसं झालं.

“पानी नाचना चाहिए,” हरिदास म्हणाला. “ये तो बैठा है.”

पाणी खरंच बसून होतं. त्यानं स्क्रू काढून मूठ उघडली, आत पाहिलं, नाकाजवळ नेली आणि माझ्याकडं पाहिलं. “मैडम, इसमें तो पूजा घुस गई है.”

आत लाल चिखल वाळून बसला होता. कुंकू आणि नारळाचं पाणी.

आता मला बोलणं भाग आहे. खंडेनवमीला आम्ही विभागातल्या सगळ्या साधनांची पूजा करतो. चाकाच्या खुर्च्या, वजनं, चालायच्या पट्ट्या, झालंच तर स्टेपलर. लहानपणापासून घरी विळा-कोयत्याला हळदकुंकू वाहिलेलं पाहिलं, तेच इथं. आणि मशीन म्हणजे विभागाची कुलदेवता, तिची पूजा मी जरा हात सैल सोडून केली होती. मुठीच्या फटीवर कुंकवाचं बोट, वर झेंडूचा हार, आणि नारळ तिच्यासमोरच फोडला. पाणी उडालं तेव्हा मला तो शुभशकुनच वाटला होता. म्हणजे ऑक्टोबरपासून जानेवारी संपेपर्यंत आमचे पेशंट एका मेलेल्या मशीनसमोर खांदा उघडा करून बसत होते, आणि मारणारी मी.

 चौदा वर्षांची नोकरी गेली असं मी धरून चालले. भास्करभाऊ मात्र माझ्याकडं पाहतच नव्हते. ते वही काढून पानं उलटत होते.

“ताई, पूजेचा फोटो आहे ना तुमच्याकडं?”

होता. घरच्या ग्रुपवर टाकला होता. सकाळी दहा बेचाळीस, तारखेसकट.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. पूजेच्या अल्याडपल्याड मिळून उपचार झाले असे सात जण बाजूला काढले. उरले एकोणसाठ. पूजेआधीचे एकतीस खांदे, पूजेनंतरचे अठ्ठावीस. आधीच्यांची सुधारणा सरासरी एकेचाळीस अंश. नंतरच्यांची त्रेचाळीस. मशीन मेल्यावर लोक दोन अंश जास्त बरे झाले होते.

“दोन अंशाले काही अर्थ नाई,” ते म्हणाले. “सारखंच समजा. पण पाहा ताई, पेशंटले माहीत नव्हतं, मले माहीत नव्हतं, तुमाले माहीत नव्हतं. असा प्रयोग ठरवून कराले मोठमोठ्या लोकांना वर्षं लागतात. तुमी एका नारळात केला.”

“माझं कौतुक नंतर करा,” मी म्हणाले. “तुमच्या निबंधात तर मशीननं फायदा होते असं लिहिलं हाय ना?”

“हव, तसंच लिहिलं,” ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

अनुश्री दारात उभी राहून ऐकत होती. निबंध मागे घेतला तर जागा तिला मिळणार होती, तरी तीच म्हणाली, “सर, किसको पता चलेगा? मूठ बदलवा लो, पेपर पढ़ दो.” हे ती चांगुलपणानं बोलली, हे मी शपथेवर सांगते. भास्करभाऊ तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी दोन रात्री जागून निबंध उलटा लिहिला. शिवाय त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक पेशंटला सांगितलं की मशीन बंद होतं, चूक माझी, मी तपासायला हवं होतं. तपासणीला आलेले नाना पोहनकर तर उसळले. “म्हणजे मी अडीच महिने नुसता बसून होतो?”

“नाई नाना,” भास्करभाऊ म्हणाले. “तुमी बोलत होते.”

परिषद नवा रायपूरला एका सभागृहात झाली. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. मुख्य पाहुणे दीड तास उशिरा आले, दिवा लागला, सतरा पुष्पगुच्छ दिले गेले, आणि त्यामुळे संशोधकांना दहाऐवजी सात मिनिटं मिळाली. भास्करभाऊंचं इंग्रजी त्यांच्या स्कूटरसारखं आहे, आवाज करतं पण पोचवतं. त्यांनी सगळं सांगितलं. चार महिने मशीन तपासलं नाही हेही सांगितलं. ‘पद्धत’ या मथळ्याखाली पडद्यावर फोटो आला: हार घातलेलं मशीन, कुंकू, फुटलेला नारळ, आणि कडेला माझा अर्धा पदर. सभागृह खदाखदा हसलं. मग आकडे आले तेव्हा जरा शांत झालं. प्रश्नोत्तरात एकानं मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारलं आणि दुसऱ्यानं पूजेला मुहूर्त होता का ते विचारलं. शेवटी दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस रंगीत पट्ट्यांना गेलं.

विकी सर रागावतील अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि खुर्चीतून उठून भास्करभाऊंना मिठी मारली. “ब्रिलियंट, भैया! मतलब आठ मिनट हम फालतू दे रहे थे!”

मला ते नीट कळलं नाही. विकी सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. वीसमधून आठ गेले, उरले बारा. एका पेशंटला बारा मिनिटं, त्यामुळे तासाला तीनाऐवजी पाच. मशीन अडगळीत. कॉम्प्युटरच्या वेळापत्रकातून मशीनची आठ मिनिटं काढून टाकायची. आणि हे सगळं राबवायला नवीन विभागप्रमुख, श्री. भास्कर खानझोडे. पत्र तयारच होतं.

“सर,” भास्करभाऊ हिंदीत म्हणाले, “मशीन बंद होतं तरी ती आठ मिनिटं मी पेशंटपाशी बसलेलो होतो. दोन्हीकडं तेवढी एक गोष्ट सारखी होती. बोलणं. मला वाटतं लोक त्यानंच...”

“इसका डेटा है?”

 मी मनात म्हणाले, हो म्हण बापा! एक शब्द बोल, तुझ्या वह्या कोण उघडून पाहतंय! दुसरा कोणी असता तर डेटाचं पोतं ओतलं असतं.

“नहीं है,” ते म्हणाले. “वो कभी नापा नहीं.”

“तो फिर?” विकी सरांनी हात पुढं केला, आणि आमचे नवे विभागप्रमुख हात मिळवून, पत्र घेऊन बाहेर आले.

बारा मिनिटांचा कारभार सुरू झाला. दारात रांग सरकायला लागली, विकी सर काचेतून पाहून खूश व्हायचे. हात हालवा, व्यायामाचा कागद घ्या, पुढचा. त्यात स्नेहल नावाची पंडरीच्या साडीच्या दुकानात काम करणारी बाई होती, तिशीची, उजवा खांदा दुखणारी. रोज ‘कैसा है’ म्हटलं की “ठीक है” म्हणायची आणि जायची. भास्करभाऊंच्या वहीत तिचे आकडे मी पाहिले: एकशे दहा, एकशे दोन, पंच्याण्णव. खाली दर वेळी लिहिलेलं, ‘विचारणे’. विचारायला वेळ कुठून आणणार? तिसऱ्या आठवड्यात हात खांद्याच्या रेषेपर्यंतही येईना आणि ती रडायलाच लागली. तेव्हा रांग थांबवून विचारलं. दुकानात वरच्या फळीवरची साडी काढायचं काम तिचं होतं. दिवसाला दोनशे साड्या, उजव्या हातानं, डोक्यावरून. आम्ही दिलेला व्यायाम ती त्यावर आणखी इमानदारीनं करत होती.

“पहले बताना था ना,” मी म्हणाले.

“किसी ने पूछा नहीं, दीदी.”

भास्करभाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. पाच पेशंट बाहेर कुरकुरत होते. त्यांनी तिच्या मालकाला चिठ्ठी लिहून दिली, व्यायाम बंद केला, तिला दाराबाहेर सोडलं, आणि मग माझ्या टेबलापाशी आले. तोंड उतरलेलं. मला वाटलं आता राजीनामा लिहितात.

“ताई, सामान मागवायचा फॉर्म द्या.”

मी दिला. त्यांनी उभ्यानंच लिहिलं: अल्ट्रासाउंड मशीन, दुरुस्ती, तातडीनं. मी पाहतच राहिले. “भाऊ, तुमीच तर साऱ्या दुनियेले सांगितलं का त्यानं काही होत नाई.”

“नाईच होत.” ते डोकं वर न करता म्हणाले. “पण कॉम्प्युटर वेळ फक्त मशीनले देते. माणसाले देत नाई.”

खाली एक रकाना होता, ‘कारण’. तिथं येऊन त्यांचं पेन थांबलं. ज्या माणसानं एका अंशासाठी दुसऱ्यांदा पट्टी लावली, मेलेल्या मशीनची कबुली साऱ्या सभागृहापुढं दिली, तो त्या तीन बोटं रुंदीच्या रकान्यापुढं घामाघूम होऊन उभा होता. मला त्यांच्या हातातून तो कागद ओढून घ्यावासा वाटला. मी घेतला नाही. बाहेर बाकावर अकरा जण बसलेले होते.

त्यांनी लिहिलं, ‘उपचारासाठी अत्यावश्यक’. खाली सही केली, सहीखाली विभागप्रमुख म्हणून शिक्का मारला. विकी सरांनी त्याच दुपारी न वाचता मंजुरी दिली.